आधी दार, मग शिष्यवृत्ती : १९३८ चे निजाम राज्यातील विद्यार्थी आणि आजचे शान तरुण

धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा. सुरुवात घरापासून करते.

साखरा (तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली) येथील आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जमिनीचे जुने कागद, एक मोडी दस्त आणि पणजोबांचा शाळेचा दाखला आहे. दाखला उर्दूत आहे. घरातील कुणालाही तो वाचता येत नाही. मराठवाड्यातील ज्या वाचकांच्या घरी अशी पेटी असेल त्यांना याचे नवल वाटणार नाही. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे वृद्ध माणसे त्या काळाला अजूनही ‘मोगलाई’ म्हणतात, आणि वाशीम-रिसोडकडे जायचे झाले की ‘वऱ्हाडात जातो’ म्हणतात.

मी नांदेडला शिकू लागल्यावर उर्दू जाणणाऱ्या एका मैत्रिणीने तो दाखला वाचून दाखवला. पणजोबा हिशेबात हुशार होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. त्यांच्या हयातीतच राज्य गेले, कचेरीची भाषा बदलली आणि तो कागद पेटीत पडला. माणूस तोच, बुद्धी तीच, पण तिची साक्ष देणारा कागद कुणी वाचेनासे झाले.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती गेल्या वर्षी. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या इतिहासावरील एका ऑनलाइन अभ्यासवर्गात म्यानमारच्या शान प्रांतातील एक मुलगी आमच्या गटात होती. ती थायलंडमधील चियांग माई येथे राहते. तिने सांगितले, की शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती तिला पुष्कळ दिसतात, पण अर्जाच्या दुसऱ्या पानावरच ती अडते. तिथे मागील परीक्षेची मूळ गुणपत्रिका मागतात, पारपत्र मागतात. तिची शाळा आता बंद आहे आणि गुणपत्रिका मागायला परत जाणे तिच्यासाठी धोक्याचे आहे.

आपण शिष्यवृत्ती म्हटले की रक्कम मोजतो. माझे म्हणणे असे, की विस्थापित विद्यार्थ्याच्या बाबतीत रक्कम ही दुसरी गोष्ट असते. पहिली गोष्ट म्हणजे त्याचे अर्धवट राहिलेले शिक्षण खरे मानून त्याला पुढच्या वर्गात बसवणारी संस्था. हे मी मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे म्हणते, कारण एके काळी ती गरज आपल्याच मुलांना पडली होती.

आता १९३८ कडे जाऊ.

हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या तेव्हा सुमारे दीड कोटी होती. त्यांतील जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत, चतुर्थांश मराठी, आणि उरलेले कन्नड व उर्दू. एवढ्या राज्यात विद्यापीठ एकच, उस्मानिया. १९१८ च्या फर्मानाने ते स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. इथे उस्मानियावर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगितले पाहिजे. इंग्रजी सोडून भारतीय भाषेत आधुनिक उच्च शिक्षण देण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले आणि विज्ञान, कायदा, वैद्यक या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. आज मातृभाषेतून उच्च शिक्षणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो प्रयोग अभ्यासायला हवा. दोष इतकाच, की ती मातृभाषा राज्यातील बहुसंख्यांची नव्हती.

मराठी मुलाला आधी उर्दू आत्मसात करावी लागे, मग विषय. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, आणि १९२० नंतरच्या दशकात हे निर्बंध अधिक कडक झाले. सभा भरवायलाही परवानगी लागे. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वळणाच्या शाळांना मराठवाड्याच्या इतिहासात एवढे मानाचे स्थान का, हे या पार्श्वभूमीवर समजते. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात येण्यापूर्वी या शाळांमधले शिक्षक होते.

१९३८ चा उत्तरार्ध हा राज्यात मोठ्या खळबळीचा काळ होता. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाज व हिंदू महासभेचे सत्याग्रह वेगळे चालले होते. याच वातावरणात नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. संप झाला, तो इतर गावांच्या शाळा-कॉलेजांत पसरला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली.

या गीताविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही. या धाग्याचा प्रश्न निराळा आहे : नाव कमी झाल्यानंतरच्या सकाळी त्या मुलांचे काय झाले?

विचार करून पाहा. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, गावाकडून आलेला, वसतिगृहातून बाहेर काढलेला. राज्यात दुसरे विद्यापीठ नाही. राज्याबाहेर आहे, पण तिथे आधीच्या संस्थेचा स्थलांतराचा दाखला मागतात आणि तो देणारी संस्था तर त्याच्यावर रुसलेली. वडिलांनी कर्ज काढून पैसे दिले तरी ते भरायचे कुठे? आमच्या अभ्यासवर्गातील त्या मुलीचा प्रश्न नेमका हाच आहे.

या मुलांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. १९२३ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ तेव्हा पंधरा वर्षांचेच होते. कुलगुरू टी. जे. केदार यांनी निजाम राज्यातून काढलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला. मराठवाड्याचे, तेलंगणाचे विद्यार्थी मध्यप्रांत-वऱ्हाडात जाऊन पुन्हा वर्गांत बसू लागले.

त्या निर्णयाचे मोल कळण्यासाठी त्यातली एक अडचण लक्षात घ्यावी. ही मुले उर्दू माध्यमातून आली होती. उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, एवढाच काय तो आधार. नागपूरचे शिक्षण इंग्रजीतून. काल ज्याने रसायनशास्त्र उर्दू संज्ञांतून शिकले त्याला आज तेच इंग्रजीतून लिहायचे होते. एखाद्या सावध कुलसचिवाने ‘माध्यम जुळत नाही, अभ्यासक्रम जुळत नाही, दाखला नाही’ अशी तीन कारणे दाखवून सारे अर्ज परत पाठवले असते तर नियमाने त्याला कुणी बोल लावू शकले नसते. इतिहास लिहिताना आपण न घडलेल्या नकाराची नोंद करत नाही. मला वाटते ती करायला हवी.

या विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे : पी. व्ही. नरसिंह राव. वरंगळकडचा हा तरुण नागपूरला आला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाचा पदवीधर झाला, आणि कायद्याची पदवी घेण्यासाठी पुन्हा नागपूरला परतला. मराठी त्याने अशी आपलीशी केली, की हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्याच्या हातून झाला. १९८४ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले तेही नागपूरशेजारच्या रामटेकमधून.

नरसिंह राव म्हटले की १९९१ चे आर्थिक धोरण आठवते. मला त्याआधीचे एक पद अधिक महत्त्वाचे वाटते. १९८५ पासून ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री होते. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्यांच्या कारकिर्दीतले, आणि जवाहर नवोदय विद्यालयांची योजनाही तेव्हाचीच : ग्रामीण मुलांसाठी, परीक्षा घेऊन प्रवेश, राहणे-जेवणे-शिकणे विनामूल्य. आमच्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय वसमतला आहे. पाचवीच्या मुलाला नवोदयच्या परीक्षेला बसवणे हा आमच्या भागातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेचा वार्षिक सोहळा असतो. मीही बसले होते. निवड झाली नाही, पण घरी अभ्यासाची शिस्त लागली ती तेव्हाच. पटावरून नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याने मंत्री झाल्यावर प्रवेशपरीक्षेच्या शाळा काढाव्यात, यात कार्यकारण शोधण्याचा मोह मी आवरते. नोंद मात्र करून ठेवते.

पण इथे सावध राहू. ‘मदत करा, त्यांतून उद्या पंतप्रधान निघेल’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. नागपूरला गेलेल्यांपैकी बहुतेक जण शिक्षक, वकील, डॉक्टर, कारकून झाले असणार, आणि काही परीक्षेत नापासही. केदारांचा निर्णय त्या नापास मुलांच्या बाबतीतही तेवढाच योग्य होता. शिक्षण पूर्ण करण्याची संधी फळाच्या हमीवर द्यायची असेल तर आपल्यापैकी किती जणांना ती मिळाली असती?

आता रक्कम विरुद्ध दार हा मुद्दा दुसऱ्या एका उदाहरणावर तपासू. ते उदाहरण विस्थापिताचे नाही, पण मोडलेल्या शिक्षणाचे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्या वेळी लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली. पुढे मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये परत गेले आणि डी.एस्सी. होऊन आले.

पैसा तीन ठिकाणांहून गोळा करता आला. ती चार वर्षांची मुभा मात्र दुसरीकडून मिळाली नसती.

याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी केंद्राकडे आग्रह धरला आणि १९४४ पासून ती योजना सुरू झाली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनंतर. शिष्यवृत्ती घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर त्यांनी स्वतः बांधून दिले.

उलट बाजूचे उदाहरण रत्नागिरीत आहे, आणि तेही ब्रह्मदेशाचे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेचा राजा थिबा याला पदच्युत केले. पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. तिथे तो १९१६ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याचा राजवाडा पाहायला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. सरकारकडून या कुटुंबाला दरमहा मोठी रक्कम मिळे. राजाला चार मुली होत्या आणि त्या रत्नागिरीतच वाढल्या, पण त्यांच्या नियमित शिक्षणाची घडी कधी बसली नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत, आणि २००० साली तिथेच वारली. तिच्याविषयी लिहिताना लोक ‘दैवगती’ म्हणतात. मला त्यात दैवापेक्षा कारभाराचा भाग जास्त दिसतो : निर्वाहभत्ता वर्षानुवर्षे मंजूर होत राहिला, शाळेचा विचार मात्र कुणी गंभीरपणे केला नाही.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत रशियाने त्यांना सैबेरियाकडे पाठवले होते, तिथून इराणमार्गे ती इथे पोहोचली. आल्याबरोबर त्यांनी काय केले? शाळा काढल्या, बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत, पोलिश भाषेत. छावणीची शाळा ही चैन नव्हे, हे त्या बायकांना कुणी शिकवावे लागले नाही. पण लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारच्या आधारावर हे चालले होते, त्याची मान्यता १९४५ च्या जुलैत ब्रिटनने काढून घेतली. कागदाचा धनी बदलला की कागदाचे काय होते, हा प्रश्न तेव्हा वळिवड्यातही उभा होता.

आता शान लोकांकडे.

शान हे म्यानमारच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रांतातले लोक. ते स्वतःला ‘ताई’ म्हणवतात आणि त्यांची भाषा थाई भाषेची जवळची नातलग आहे. १२२८ मध्ये आसामात येऊन अहोम राज्य स्थापणारा सुकाफा याच ताई जगातून आला होता. इंग्रजी अमलात शान प्रदेशात आपल्यासारखीच संस्थाने होती. त्यांच्या राजांना सॉब्वा म्हणत. त्यांच्या मुलांसाठी तौंजी येथे १९०२ मध्ये खास शाळा निघाली. आपल्या राजकोटच्या राजकुमार कॉलेजची आठवण व्हावी असाच तो प्रकार. १२ फेब्रुवारी १९४७ च्या पांगलोंग करारानंतर ही संस्थाने ब्रह्मदेशात सामील झाली. स्वतंत्र ब्रह्मदेशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक हा शान राजाच होता. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्याला अटक झाली आणि तो कैदेतच मरण पावला.

१९९६ ते १९९८ या काळात लष्कराने मध्य शान प्रांतातील चौदाशेहून अधिक गावे सक्तीने उठवली. तीन लाखांवर माणसे घराबाहेर पडली. पुष्कळ जण थायलंडमध्ये गेले. तिथे सीमेवर कारेन व कारेन्नी निर्वासितांसाठी नऊ छावण्या आहेत, पण शान लोकांना तसा मान्यताप्राप्त आसरा मिळाला नाही. भाषा जवळची, चेहरेपट्टी जवळची. म्हणून त्यांना निर्वासित न मानता स्थलांतरित मजूर मानले गेले. ते फळबागांत आणि बांधकामांवर राबू लागले. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर, २०२३ च्या अखेरीस उत्तर शान प्रांतात पेटलेल्या युद्धानंतर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सक्तीच्या लष्करभरतीनंतर तरुणांचा हा ओघ पुन्हा वाढला.

थायलंडने २००५ मध्ये एक चांगला निर्णय घेतला होता : कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यायचे. त्यामुळे लहान मुले शिकू शकतात. अडचण येते ती अठराव्या वर्षानंतर. मग हे तरुण इंग्रजी शिकतात, अमेरिकन शालान्त परीक्षेशी समकक्ष मानली जाणारी जीईडी ही परीक्षा देतात आणि त्या गुणांवर विद्यापीठाचे दार ठोठावतात. म्हणजे स्वतःच्या देशात दिलेल्या परीक्षा विसरून तिसऱ्याच देशाची परीक्षा द्यायची. उर्दूतून इंग्रजीत गेलेल्या आपल्या मुलांपेक्षा हा वळसा लांबचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार जगातील निर्वासित तरुणांपैकी सुमारे ७ टक्केच उच्च शिक्षणात पोहोचले होते. काही वर्षांपूर्वी हे प्रमाण १ ते ३ टक्के होते. २०३० पर्यंत ते १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. जर्मनीच्या पुढाकाराने १९९२ पासून चालणारी डाफी शिष्यवृत्ती यासाठीच आहे आणि भारतातील निर्वासितांनाही तिचा लाभ होतो. आपल्या सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्याही मोठ्या आहेत. पण त्यांचा मार्ग विद्यार्थ्याच्या देशातील भारतीय दूतावासातून जातो. ज्याचा स्वतःच्या सरकारशी संबंध तुटला, ज्याच्याकडे पारपत्र नाही, त्याने त्या रांगेत उभे कसे राहायचे?

‘आपल्याच मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि तुम्हांला परक्यांचा पुळका’ असे कुणी म्हणेल. ही तक्रार खोटी नाही. माझीच एक शिष्यवृत्ती सात महिने अडकली होती. कारण काय, तर एका दाखल्यावर आडनावाची वेलांटी ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ. त्या सात महिन्यांत खानावळीच्या मावशींनी उधारी लिहून ठेवली म्हणून मी नांदेडला टिकले. म्हणूनच मला वाटते, की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कागद माणसापेक्षा मोठा मानणारी व्यवस्था साखऱ्याच्या मुलीलाही अडवते आणि शान मुलीलाही. फरक एवढाच, की मी तहसीलला जाऊन वेलांटी दुरुस्त करून आणू शकते.

मग करायचे काय? विद्यापीठाच्या पातळीवर होण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. मूळ गुणपत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र घ्यावे, विषयाची चाचणी घ्यावी, तात्पुरता प्रवेश द्यावा आणि वर्षअखेरीच्या निकालावर तो कायम करावा. युरोपात २०१७ पासून निर्वासितांसाठी ‘पात्रता पारपत्र’ देतात. हाती असतील ते कागद आणि तज्ज्ञांनी घेतलेली मुलाखत यांवरून त्याचे शिक्षण कुठवर झाले हे ठरवले जाते. युनेस्कोनेही तशी योजना आखली आहे. भारतातल्या निर्वासिताकडे परिचयपत्र असेल तर पारपत्राचा हट्ट सोडावा. परदेशी विद्यार्थ्यांकडून जे वाढीव शुल्क घेतात ते देश सोडून पळालेल्याकडून घेऊ नये, कारण ते शुल्क मुळात सुखवस्तू पालकांना डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असते.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही हे खरे. पण मिझोरमने २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या मुलांना आपल्या शाळांत घेतले, शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेऊन. करारावाचूनही ते झाले. नागपूरलाही १९३८ मध्ये कोणता करार नव्हता.

एक अवघड गोष्ट राहिली. ती गाळली तर हा धागा निम्माच खरा ठरेल. १९४८ च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. कुटुंबे घरे सोडून गेली. पुढे उस्मानियाचे माध्यमही उर्दूचे इंग्रजी झाले. म्हणजे दहा वर्षांपूर्वी मराठी-तेलुगू मुलांवर जी वेळ आली होती तशीच वेळ आता उर्दूत शिकलेल्या मुलांवर आली : शिकलेले वाया, कागद निरुपयोगी. मुक्तिसंग्रामावरील जी गौरवपर पुस्तके मी वाचली त्यांत सत्याग्रह आहेत, तुरुंग आहेत, सीमेवरच्या छावण्या आहेत. या मुलांच्या मोडलेल्या शिक्षणावर मला त्यांत एक पानही सापडले नाही. त्यांच्यासाठी कुणी केदार उभा राहिला असता तर मराठवाड्याचा पुढचा इतिहास थोडा तरी वेगळा झाला असता असे मला वाटते. माझ्या या मताशी असहमत असणाऱ्यांनी जरूर लिहावे, पण १९३८ चे दुःख मोठे आणि १९४९ चे लहान असे मोजमाप घेऊन येऊ नये.

दर १७ सप्टेंबरला आपल्याकडे झेंडावंदन होते, भाषणे होतात. माझी एक साधी सूचना आहे. मराठवाड्यात आज छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला अशी दोन मोठी विद्यापीठे आहेत. त्यांपैकी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे आहे आणि १९९४ मध्ये त्याच तारखेला स्थापन झाले. विस्थापित विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक विभागात दोन जागा, कागदांच्या अटी शिथिल करून, या विद्यापीठांनी राखून ठेवाव्यात. त्या भरल्या नाहीत तरी चालेल. चियांग माईतल्या मुलीला निदान अर्जाचे तिसरे पान दिसेल.

आता तुमच्याकडून हवे आहे. तुमच्या घरात, भावकीत, गावात १९३८-३९ मध्ये निजाम राज्यातील शाळा-कॉलेज सोडून नागपूर, अमरावती, पुणे इकडे शिकायला गेलेले कुणी होते का? त्यांचे दाखले, पत्रे, वसतिगृहाच्या पावत्या उरल्या आहेत का? उर्दूत असल्या तरी चालतील, आमच्या वर्गात वाचून देणारे आहेत. छायाचित्र टाकताना पत्ता आणि खाजगी मजकूर झाकावा. आणि १९४८ नंतर ज्यांचे उर्दू शिक्षण मध्येच तुटले त्यांच्या घरातील वाचकांनीही लिहावे. दोन्हींच्या नोंदी मी एकाच वहीत करते आहे.